देव्हाऱ्यातल्या 'देवी'वर पणजोबांचं नाव निघालं, पुढे कसं शोधू?

नायगावची_लेक

नमस्कार मंडळी. बीडीडी चाळीतली आमची एकशेसाठ फुटांची खोली मागच्या महिन्यात रिकामी केली. सामान भावाने बांधलं, पण देव्हारा बाबांनी कुणाला उचलू दिला नाही. त्यासाठी मला सासरहून बोलावून घेतलं.

टाकांच्या मागे एक जड गोल तबकडी असते, पसरलेल्या तळहाताएवढी. हातात त्रिशूळ घेऊन उभी असलेली बाई आणि पायाशी सिंह. आम्ही तिला देवी म्हणूनच ओळखतो. माझ्या पणजीने गावाहून आणलेली. नवरात्रात घटाशेजारी मांडायची, शेंदूर लावायचा, हे आजी करायची, मग आई करायची. शंभर वर्षांच्या शेंदराचं पुट होतं तिच्यावर. उचलताना माझ्या नखाने एक खपली निघाली आणि खाली इंग्रजी अक्षर दिसलं.

मोरीत बसून चिंचेच्या पाण्याने हलक्या हाताने पुसत गेले. बाईने पुढे धरलेल्या हाराखाली एक उभी चौकट आहे, त्यात उठावाच्या अक्षरांत माझ्या पणजोबांचं नाव आणि जाधव हे आडनाव. कडेने एक ओळ, स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी तो मेला अशा अर्थाची. मी बाबांना वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

घरात एवढंच सांगतात की पणजोबा पलटणीत होते, बसऱ्याच्या लढाईला गेले ते आले नाहीत. आजोबा तेव्हा पोटात होते, १९१५ चा त्यांचा जन्म. पुढे पणजी त्यांना घेऊन मुंबईला आली, मिलच्या रीळ खात्यात लागली. तिथी माहीत नाही म्हणून पणजोबांचं पान सर्वपित्रीला, सगळ्यांबरोबर.

बाबा ८२ वर्षांचे आहेत. मला दोनच गोष्टी हव्यात: ते कुठे गेले आणि कोणत्या दिवशी. एका कार्यालयात चौकशी केली, त्यांनी शिपाई नंबर मागितला. नंबर नाही म्हटल्यावर अर्जच घेतला नाही. तबकडीवर नावाशिवाय काही नाही. गाव खेड तालुक्यात. पणजोबांचं नाव इथे लिहीत नाही, बाबांना ते आवडणार नाही.

बेळगाव_पेन्शनर

ताई, आधी एक ऐका. तबकडी आता घासू नका. चिंच नको, लिंबू नको, पीतांबरी तर नकोच. ते पितळ नाही, ब्राँझ आहे. अक्षरांची धार एकदा गेली की गेली.

ही पहिल्या महायुद्धात मेलेल्या माणसाच्या घरी दिलेली स्मृती-तबकडी आहे. साडेतेरा लाखांच्या आसपास ओतल्या गेल्या, लढाई संपल्यावर, १९१९ पासून पुढे. सिंहाच्या पुढच्या पंजाजवळ ई, सीआर, पी अशी बारीक अक्षरं शोधा. ती घडवणाऱ्या एडवर्ड कार्टर प्रेस्टन यांची. हुद्दा, नंबर, पलटण त्यावर मुद्दामच घातली नाही, शिपाई आणि जनरल यांच्यात फरक दिसू नये म्हणून. त्यामुळे तुमच्या तबकडीत काही कमी नाही. आणि ही घरात आली म्हणजे पणजोबा नोकरीत असतानाच गेले, पळाले नाहीत की कुठे दुसरीकडे राहिले नाहीत. हे वडिलांना जरूर सांगा. अशा घरांत भावकी काय काय बोलते ते मी पाहिलेलं आहे.

नंबर मिळतो मेडलच्या कडेवर. ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल, दोन्हींच्या कडेला नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली असते. पहिलं चांदीचं, ते बहुतेक घरांत अडीअडचणीला सोनाराकडे गेलं. दुसऱ्याला मोडीचा भाव नाही, ते बटणांच्या डब्यात तळाशी सापडतं. पुन्हा एकदा सगळे डबे ओतून बघा.

तेव्हाच्या मराठा पलटणी सहा: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. त्यांपैकी १०३, ११० आणि ११७ या तिघी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये जनरल टाउनशेंडच्या हाताखाली १९१५ सालीच आजच्या इराकमध्ये तिग्रिस नदीवर होत्या. आजोबा पोटात असताना गेले म्हणता, तर मी आधी या तिघींत बघेन. १९२२ मध्ये सगळे नंबर बदलले. १०३ म्हणजे आजची पहिली मराठा, जंगी पलटण, १७६८ साली तुमच्या मुंबईतच उभी राहिलेली. अर्जात जुना नंबर लिहा, नवा कंसात.

दादर_मोडी

नंबराशिवायही वाट आहे. महायुद्धात मेलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नावाने शोध घेता येतो. पण आडनाव पूर्ण टाकू नका. जाधवच्या शेवटी इंग्रजीत कुठे 'एव्ही', कुठे 'एओ', कुठे 'ओडब्ल्यू'. पवारचं पोवार होतं. आधीची तीन अक्षरं टाका, भारतीय सैन्य निवडा, बसरा स्मारक (तिकडच्या लढाईत मेलेल्यांचं) निवडा आणि धीराने एकेक नोंद उघडा. भारतीय शिपायांच्या नोंदीत पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका असतो. गावाचं नाव डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने म्हणा. लिहिणाऱ्याने ते कानाने लिहिलेलं आहे.

आणि खेड दोन आहेत, एक रत्नागिरी जिल्ह्यात, एक पुणे जिल्ह्यात. इथे भले भले फसले आहेत.

इंटरनेटवर तुम्हाला लाहोरच्या संग्रहालयातली रजिस्टरं दिसतील, सव्वातीन लाख शिपायांची. ती पंजाबची आहेत, त्यांत कोकण नाही.

दुसरं दार गावाकडचं. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूसाठी बघतात. त्यात आजोबांचा जन्म मिळेल. पणजोबांचा मृत्यू तिथे शोधत बसू नका, ते बुक गावात मेलेल्यांचं. त्यांच्यासाठी फेरफार बघा, गाव नमुना ६. माणूस परदेशात मेला तरी जमीन गावातच असते, आणि वारस लावताना का लावला हे तलाठ्याला लिहावंच लागतं. दोन गुंठे का असेनात. तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. मजकूर मोडीत असला तर फोटो मला पाठवा, मी वाचून देतो, पैसे घेत नाही. फोटो काढताना फ्लॅश नको, खिडकीचा उजेड तिरका पडू द्या. शाई उडालेली असली तरी टाकाने दाबलेली रेघ दिसते.

तुमच्या गावाचं मुंबई मंडळ असेल तर त्यांच्या जुन्या वर्गणीच्या वह्याही मागून बघा. पणजी मुंबईत कधी आली ते तिथे कळू शकतं.

नायगावची_लेक

सव्वा महिन्याने लिहितेय, माफ करा. दोघा दादांनी सांगितलं तसंच एकेक करत गेले.

मेडल नाही मिळालं. आत्याला आठवतं की आजोबांच्या लग्नात चांदीचं काहीतरी मोडून जोडवी केली होती. तेच असेल.

नावाच्या दोन नोंदी निघाल्या. पहिली बघून मी घाईने बाबांना फोन केला, तिग्रिसकाठच्या कुतच्या वेढ्यात गेले, १९१६ साल, तालुका खेड. रात्री पुन्हा उघडून बघितली तर पुढे 'पूना' होतं. दादर_मोडी दादा, तुम्ही सांगून ठेवलं होतंत तरी माझी चूक झाली. सकाळी बाबांना 'ते आपले नव्हेत' असं सांगणं फार जड गेलं.

दुसरी नोंद: शिपाई, १०३ मराठा, २२ नोव्हेंबर १९१५, बसरा स्मारक. बापाचं नाव जुळतं. गावाच्या नावातली अक्षरं बघून काहीच कळेना. मग स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने म्हटलं, आणि ते आमचंच गाव.

तरी एकदा पोळल्यामुळे बाबांना लगेच सांगितलं नाही. आधी खेडला गेले. अभिलेख कक्षातल्या काकांनी लाल रुमालात बांधलेली दप्तरं एकामागून एक सोडली, दुसऱ्या दिवशी दुपारी फेरफार सापडला. दादांनी वाचून दिलेला मजकूर असा: मजकूर इसम सरकारचे लढाईत मयत, वारस मुलगा अज्ञान, पालनकर्ती आई. खाली पणजीचा अंगठा. शाई एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला रेषा मोजता येतील इतक्या स्वच्छ.

नोंद १९२० सालची आहे. पणजोबा १९१५ ला गेले, आणि पाच वर्षं जमीन त्यांच्याच नावावर होती. बेळगावच्या दादांनी लिहिलंय की तबकड्या लढाई संपल्यावर निघाल्या. मला वाटतं ती हातात येईपर्यंत पणजीने अंगठा दिला नसावा. तिचा एकही फोटो आमच्याकडे नाही. बाबांनी मोबाइलवर तो अंगठा मोठा केला आणि त्यावर स्वतःचा अंगठा ठेवला.

बेळगाव_पेन्शनर

ताई, २२ नोव्हेंबर १९१५ म्हणजे टेसिफनची लढाई. बगदादच्या खाली, आज सलमान पाक म्हणतात ते ठिकाण, जुन्या राजवाड्याची प्रचंड कमान अजून उभी आहे. आदल्या रात्री पलटणी चालत मोर्चावर गेल्या. पंचांग काढून बघितलं, त्या रात्री त्रिपुरी पौर्णिमा होती. वाळवंटात लख्ख चांदणं असणार. त्या लढाईत आपल्या बाजूचे मेलेले आणि जखमी मिळून साडेचार हजारांच्या वर. जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून नदीपर्यंत आणलं, त्यातही फार माणसं गेली. तिथून माघार ती थेट कुतला.

तुमची तिथी: कार्तिक वद्य प्रतिपदा, शके १८३७.

अजून एक सांगतो. बसरा स्मारक चाळीस हजारांवर माणसांचं आहे, पण भिंतीवर आपल्या साध्या शिपायांची नावं कोरली नाहीत, पलटणीच्या खाली नुसता आकडा घातला. नावं वहीत राहिली. पणजोबांचं नाव धातूत आहे ते तुमच्या देव्हाऱ्यातच.

दादर_मोडी

वर्षश्राद्ध या तिथीला करा. पितृपक्षात मात्र शस्त्राने गेलेल्यांसाठी चतुर्दशी आहे, घात चतुर्दशी, सर्वपित्रीच्या आदला दिवस. गुरुजींना विचारून घ्या.

नायगावची_लेक

घात चतुर्दशीला पान वाढलं. बाबांनी पहिल्यांदा त्यांचं एकट्याचं नाव घेऊन पाणी सोडलं.

तबकडी देव्हाऱ्यातच ठेवली आहे, बाबा म्हणाले पणजीने तिला जिथे बसवली तिथेच राहील. फक्त परवा नवरात्रात शेंदूर त्रिशुळाला आणि सिंहाला लावला, नावाची चौकट मोकळी ठेवली.