मशीन ‘हँग’ झालं, ‘अडकलं’ की ‘खोळंबलं’?

रत्नागिरीकर: ऑफिसातल्या मुलांसाठी एक पानी सूचना लिहितोय. आमचा ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवरचा सर्व्हर कोसळला की रीबूट न होता कर्नल डीबगरमध्ये (कर्नल म्हणजे सिस्टिमचा मुख्य भाग, डीबगर म्हणजे त्यातला दोष शोधायचं साधन) जाऊन थांबतो. वर पॅनिकचा, म्हणजे कर्नल कोसळल्याचा संदेश, खाली ‘डीडीबी’ हे डीबगरचं नाव आणि पुढे कर्सर. मुलं म्हणतात “हँग झाला” आणि पॉवरचं बटण दाबून धरतात. का कोसळला याचा पुरावा तिथेच जातो. हँग झालेलं मशीन कुणाचं ऐकत नाही, हे तर हुकमाची वाट बघत असतं. ‘अडकलं’ लिहिलं तरी हात बटणाकडेच जाणार. नेमका शब्द कोणता?

खेडची ताई: खोळंबलं! क्रॉसिंगला गाडी खोळंबते तेव्हा ती बंद पडलेली नसते, सिग्नल मिळाला की निघते. कोकण रेल्वेवर हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मालवणकर: आमच्याकडे सरळ म्हणतील, “मशीन थंयच उभां रवलां.” पण ताई, खोळंबलेली गाडी पुढे जाते. पॅनिकनंतर ‘कंटिन्यू’ हा हुकूम देऊन मशीन पूर्ववत चालेल असं कुणी धरून चालू नये. आधी ‘ट्रेस’ (कोसळताना काय चालू होतं त्याचा माग) आणि ‘पीएस’ (चालू प्रोग्रॅमची यादी) द्यायचं, पडद्याचा फोटो काढायचा, मग ‘बूट डंप’. मेमरीची प्रत (डंप) डिस्कवरच्या स्वॅप या राखीव जागेत जाते, आणि पुढच्या बूटला सेव्हकोअर हा प्रोग्रॅम ती व्हार-क्रॅश या फोल्डरमध्ये उतरवतो. डंप नकोच असेल तर नुसतं ‘बूट रीबूट’.

रत्नागिरीकर: पायऱ्या अगदी याच लिहिल्यात. रात्री कुणी नसतं म्हणून ‘डीडीबी डॉट पॅनिक’ ही सेटिंग शून्य करायचंही ठरलंय, म्हणजे आपोआप रीबूट होईल. प्रश्न शब्दाचाच आहे.

चिपळूणचे गुरुजी: शब्दाचंच बोलायचं तर आधी ‘कर्नल’ काढा. वाचणाऱ्याला फौजेतला कर्नल आठवतो. ‘गाभा’ म्हणा, आणि डीबगरला ‘दोषशोधक’.

मालवणकर: गुरुजी, मान राखून सांगतो, रात्री दोन वाजता फोनवर “गाभा दोषशोधकात गेलाय” असं कुणी सांगितलं तर मला कळायला वेळ लागेल. पडद्यावर जे दिसतं तेच तोंडी असलेलं बरं.

चिपळूणचे गुरुजी: वापरलाच नाही तर रुळणार कसा? ‘संगणक’ही एकेकाळी परकाच वाटत होता.

वेंगुर्ल्याची: गाभा कशाला, ‘गर’ आहे की! काजूच्या बीतल्या ज्या भागाला इंग्रजीत कर्नल म्हणतात, त्याला आपण काजूगर म्हणतो. बी फोडायला बसणाऱ्या बायकांना कर्नल म्हणजे काय ते बरोबर ठाऊक आहे. वरचं टरफल ते शेल, आतला गर तो कर्नल. संगणकातही शेल (आपण हुकूम टाइप करतो तो बाहेरचा थर) आणि कर्नल हीच जोडी.

खेडची ताई: वा! टरफल आणि गर, हे मी उचलणार. डीबगरमधल्या बगचं तर माहीतच असेल, 1947 साली हार्वर्डच्या मशीनमध्ये पतंग, म्हणजे किडा (इंग्रजीत बग) सापडला त्यावरून आला.

मालवणकर: ताई, पतंग सापडला हे खरं, पण शब्द जुना आहे. एडिसनने 1878 च्या पत्रात यंत्रातल्या खोडीला बग म्हटलंय.

चिपळूणचे गुरुजी: खोडी! हा शब्द कुणी का नाही सुचवला? ‘खोडीशोधक’. पण ‘गर’ नको. गर म्हणजे फळाचा खायचा मऊ भाग. आंब्यात गर बाहेर आणि कोय आत, मग कर्नल कोण?

वेंगुर्ल्याची: गुरुजी, कोय फोडली की आतही गरच निघतो. आणि फणसाचा गरा वेगळा, त्यात घोळ करू नका.

रत्नागिरीकर: मंडळी, संध्याकाळी छापायला द्यायचंय. तूर्त ‘खोळंबलंय, बटण दाबू नका’ असं लिहितो.

चिपळूणचे गुरुजी: लिहा. पण गरा हा गराचाच भाऊ, ते मी सोडणार नाही.