मदत हवी आहे: लीगल असिस्टंट आहे, इमिग्रेशन लॉमध्ये पुढे जायचंय. एलएलएम (कायद्यातली मास्टर्स) आणि बार (वकिली लायसन्सची परीक्षा), की डीओजे म्हणजे न्याय खात्याचं अ‍ॅक्रेडिटेशन?

नमस्कार मंडळी,

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, शेवटी आज लिहितेय, मोठं झालंय त्याबद्दल आधीच सॉरी. मी महाराष्ट्रात बीए करून मग तीन वर्षांचं एलएलबी केलं, सनद घेतली, जिल्हा कोर्टात सिनियरकडे दोन वर्षं ज्युनियरशिप केली, म्हणजे तारखा घेणं, अर्ज ड्राफ्ट करणं आणि पक्षकारांना बाहेर व्हरांड्यात बसवून आत काय झालं ते समजावून सांगणं. मग लग्न झालं आणि एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) न्यू जर्सीत आले. नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेली पिटिशन) अप्रूव्ह असल्यामुळे ईएडी म्हणजे वर्क परमिट मिळालं आणि आता अडीच वर्षं एका छोट्या इमिग्रेशन लॉ ऑफिसमध्ये लीगल असिस्टंट आहे.

काम बहुतेक एच-१बी आणि ग्रीन कार्डचं. मार्चमध्ये रजिस्ट्रेशनची धावपळ, एलसीए (एच-१बी आधी लेबर खात्याकडे करायचा अर्ज), पर्मच्या (ग्रीन कार्डआधीची लेबर खात्याची मंजुरी) जाहिरातींचा हिशेब, सपोर्ट लेटरचा पहिला ड्राफ्ट, आरएफई (जास्तीचे पुरावे मागणारं पत्र) आली की एक्झिबिट लावणं. थोड्या फॅमिली केसेसही असतात. आणि मराठी किंवा हिंदी बोलणारा क्लायंट असला की फोन माझ्याकडेच येतो. आई-वडील असतील तर तेच विचारतात, "ताई, तुम्ही मराठी का? मग तुमच्याशीच बोलते."

आता अडचण सांगते. मागच्या वर्षी एका बाईंचा फोन आला, त्यांची ओळख पटेल असं काही लिहीत नाही. त्याही माझ्यासारख्याच एच-४ वर. घरात मारहाण, पासपोर्ट नवऱ्याच्या ताब्यात, आणि नवरा रोज सांगायचा की तू पोलिसात गेलीस की तुला परत पाठवतील. त्या मराठीत बोलत होत्या, मी अ‍ॅटर्नींना इंग्लिशमध्ये सांगत होते, आणि मधेच त्या थांबल्या आणि मलाच विचारलं, "तुम्ही सांगा ना, मी काय करू?" मला उत्तर द्यायचा अधिकार नव्हता. आमचं ऑफिस तसल्या केसेस घेत नाही म्हणून दोन संस्थांचे नंबर दिले आणि फोन संपला. त्या रात्री मी वाचत बसले. व्हावा या अत्याचारविरोधी कायद्याखालची सेल्फ-पिटिशन (नवऱ्याशिवाय स्वतःच करायचा अर्ज) त्यांना लागू होत नव्हती, कारण त्यासाठी नवरा सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला असावा लागतो. पण एच-१बी वाल्याच्या पत्नीवर अत्याचार झाला असेल तर तिला स्वतःचं वर्क परमिट मागता येतं, त्यासाठी आय-७६५व्ही असा वेगळा फॉर्मच आहे, आणि पोलिसांना मदत केली असेल तर यू व्हिसाचाही (गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीचा) विचार होऊ शकतो. अडीच वर्षं याच क्षेत्रात बसून हा फॉर्म मी ऐकलासुद्धा नव्हता. त्या फोननंतर एच-१बी च्या फाइल्स करताना मन लागत नाही असं नाही, पण मला त्या बाजूला जायचंय हे नक्की झालंय.

आणि एक चूकही सांगते, कारण तीही याच प्रश्नाचा भाग आहे. एक आजी, मुलीने स्पॉन्सर केलेल्या, व्हिजिटर व्हिसावर आल्या होत्या आणि आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) पेंडिंग होता. घाईत असताना त्यांनी विचारलं, दहा दिवस गावी जाऊन आले तर चालेल ना? माझ्या डोक्यात दिवसभर एच-१बी वाले, ते व्हॅलिड एच-१बी वर जाऊन येऊ शकतात, म्हणून तोंडातून "चालतं बहुतेक" निघून गेलं. फोन ठेवला आणि फाइल उघडली तर लक्षात आलं की अ‍ॅडव्हान्स पॅरोल (बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी) न घेता त्या बाहेर गेल्या तर अर्ज सोडून दिला असंच धरतील! दहा मिनिटांत परत फोन केला, तिकीट काढू नका म्हणाले, मग अ‍ॅटर्नींना स्वतः जाऊन सांगितलं. त्या रागावल्या आणि बरोबरच रागावल्या.

तर मला पायरी चढायची आहे. माझे प्रश्न: तीन वर्षांच्या भारतीय एलएलबीवर न्यूयॉर्क बारला बसता येतं का, की एलएलएम लागतंच? ते डीओजे अ‍ॅक्रेडिटेड रिप्रेझेंटेटिव्ह प्रकरण नक्की काय असतं? आणि जाहिरातीत "बायलिंग्वल" म्हणतात तेव्हा त्यांना स्पॅनिशच हवं असतं, मग माझ्या मराठी-हिंदीला काही किंमत आहे का? वय ३३, मुलगी चार वर्षांची.

प्रतिसाद १

मी भारतातलं एलएलबी, इथे एलएलएम आणि मग न्यूयॉर्क बार असाच आलोय, आता अकरा वर्षं इमिग्रेशनच करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, कुठल्याही युनिव्हर्सिटीला एलएलएमची फी भरायच्या आधी न्यूयॉर्क बोर्ड ऑफ लॉ एक्झामिनर्सकडून अ‍ॅडव्हान्स इव्हॅल्युएशन करून घ्या. फॉरेन डिग्रीवाल्यांसाठी नियम ५२०.१० आहे. त्यात दोन गोष्टी बघतात, शिक्षण किती वर्षांचं आणि ते कॉमन लॉ वर आधारलेलं आहे का. दोन्ही जमलं तर एलएलएमशिवाय बसता येतं, दोनातली एक कमी पडली तर एलएलएमने भरून काढता येते. तुमच्या कागदांचं काय होईल ते बोर्डच सांगणार, इथला कोणी छातीठोक सांगत असेल तर ऐकू नका, माझंही नाही. मार्कशीट आणि ट्रान्स्क्रिप्ट युनिव्हर्सिटीकडून थेट बोर्डाकडे जावी लागतात, तुम्ही स्वतः स्कॅन करून पाठवलेलं चालत नाही, आणि आपल्याकडे या कामाला किती वेळ लागतो ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून आजच सुरू करा.

एलएलएम लागलंच तर ते एबीए (अमेरिकन बार असोसिएशन) मान्य लॉ स्कूलचं आणि किमान २४ क्रेडिटचं हवं, त्यात प्रोफेशनल रिस्पॉन्सिबिलिटी, लीगल रिसर्च-रायटिंग, अमेरिकन लीगल स्टडीज आणि बारला येणारे विषय ठरलेल्या प्रमाणात बसवावे लागतात. नुसतं "इमिग्रेशन स्पेशलायझेशन" बघून अ‍ॅडमिशन घेतलेले आणि नंतर क्रेडिट कमी पडलेले लोक मी बघितलेत, फार वाईट वाटतं. शिवाय एमपीआरई ही वकिली नीतिनियमांची वेगळी परीक्षा आणि ५० तास प्रो बोनो म्हणजे मोफत काम. हे ५० तास तुम्ही नेमके त्या बाईंसारख्या केसेसमध्ये घालवू शकता, अ‍ॅटर्नीच्या देखरेखीखाली. २०२८ च्या जुलैपासून न्यूयॉर्कमध्ये नवीन नेक्स्टजेन परीक्षा येणार आहे, तेव्हा कोणत्या साली बसणार ते ठरवूनच पुस्तकं घ्या.

इमिग्रेशन हा फेडरल कायदा, त्यामुळे एका राज्याचं लायसन्स असलं की यूएससीआयएस (इमिग्रेशनचे अर्ज बघणारं सरकारी ऑफिस) आणि इमिग्रेशन कोर्टापुढे उभं राहता येतं. जी-२८ वर सही करता येते, म्हणजे आपला वकालतनामाच समजा. सध्या तुम्ही जे करता आणि पुढे जे करायचंय त्यातला फरक त्या सहीत आहे.

तीन वर्षांचा जेडीही आहे, म्हणजे इथली नेहमीची वकिलीची डिग्री. काही लॉ स्कूल फॉरेन लॉयरला एक वर्षापर्यंतचं क्रेडिट देतात, मग दोन वर्षांत होतो. महाग, पण जेडीवर सगळी राज्यं उघडतात, एलएलएमवर मोजकीच. चार वर्षांच्या मुलीबरोबर मी तरी आधी बोर्डाचं उत्तर येऊ देईन.

आजींच्या बाबतीत जे झालं ते तुम्ही लपवलं नाहीत हे महत्त्वाचं. आमच्याकडे मी असिस्टंटला एकच वाक्य पाठ करायला लावतो: "हे अ‍ॅटर्नींना विचारून आज संध्याकाळपर्यंत कळवते." आणि संध्याकाळी खरंच कळवायचं. क्लायंटला ताबडतोब उत्तर नको असतं, आपल्याला विसरले नाहीत एवढं हवं असतं.

प्रतिसाद २

ताई, मी एका नॉन-प्रॉफिटमध्ये अ‍ॅक्रेडिटेड रिप्रेझेंटेटिव्ह आहे, वकील नाही, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते.

न्याय खात्याचं ईओआयआर म्हणून ऑफिस आहे, इमिग्रेशन कोर्टं त्याच्याच हाताखाली. ते आधी संस्थेला मान्यता देतं, संस्था नॉन-प्रॉफिट हवी आणि मुख्यतः कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी काम करणारी हवी. मग ती संस्था तुमच्या नावाने ईओआयआर-३१ए भरते. तुम्ही एकटीने अर्ज करू शकत नाही, आणि प्रायव्हेट ऑफिसात बसून हे अ‍ॅक्रेडिटेशन वापरताही येत नाही. पार्शल मिळालं तर यूएससीआयएस म्हणजे होमलँड सिक्युरिटीपुढच्या केसेस, फुल मिळालं तर इमिग्रेशन कोर्ट आणि अपील बोर्डही. तीन वर्षांनी रिन्यू करायचं. पगारी नोकरीच हवी असं नाही, व्हॉलंटियरलाही मिळतं.

इथे कुठल्या राज्याचं लायसन्स असलेल्या वकिलाला हे मिळत नाही कारण त्याला गरजच नाही, पण भारतातल्या सनदीमुळे तुमचं काही अडणार नाही. म्हणजे हे दोन रस्ते एकमेकांच्या आड येत नाहीत, बार होईपर्यंत हे, बार झाला की ते. मी शिकले ती व्हिलानोव्हा युनिव्हर्सिटीच्या ऑनलाइन कोर्समधून, १४-१४ आठवड्यांचे तीन भाग आहेत, रात्री मुलं झोपली की करायचे. क्लिनिक म्हणून कॅथलिक नेटवर्क आहे त्यांचंही ट्रेनिंग चांगलं आहे, धर्माचा काही संबंध येत नाही.

ज्या केसेस तुम्ही लिहिल्यात, घरगुती हिंसाचार, यू व्हिसा, त्या मी रोज करते. एक सांगायला हवं. यू व्हिसाला वर्षाला १०,००० ची मर्यादा आहे आणि रांग खूप लांब आहे, बायकांना वर्षानुवर्षं "अजून काही आलं नाही" एवढंच सांगावं लागतं. पोलिसांनी किंवा तशा दुसऱ्या अधिकृत यंत्रणेने सर्टिफिकेशनवर (बाईने तपासात मदत केल्याचा फॉर्म) सही केली नाही तर अर्जच पुढे जात नाही. हे पेलायचं असेल तर आधी सहा महिने व्हॉलंटियर म्हणून बघा. तुमच्या न्यू जर्सीतच मानवी आहे, १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करतेय, न्यूयॉर्कमध्ये सखी आहे. मराठी बोलणारं माणूस अशा ठिकाणी किती कमी मिळतं ते तिथे गेल्यावर कळेल.

प्रतिसाद ३

कॅनडात बिगर-वकिलांसाठी आरसीआयसी म्हणून इमिग्रेशन कन्सल्टंटचं लायसन्स असतं, अमेरिकेत तसं कन्सल्टंट लायसन्स नाही, हे लिहून ठेवतो कारण लोक फार गल्लत करतात. अमेरिकेत कोणी "इमिग्रेशन कन्सल्टंट" म्हणून पैसे घेऊन सल्ला देत असेल तर लांब राहा आणि तसल्या ठिकाणी नोकरीही घेऊ नका, बारसाठी कॅरेक्टर अँड फिटनेस (चारित्र्य आणि पात्रता) तपासतात तेव्हा ते आडवं येऊ शकतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार, प्रतिसाद २ वाचून तर डोळ्यात पाणी आलं. मला वाटत होतं अ‍ॅक्रेडिटेशन म्हणजे वकील होता न आलेल्यांचा रस्ता, तसं अजिबात नाही हे कळलं, आणि तसा विचार केला याचं वाईटही वाटलं. एक भीती राहिलीय. माझं ईएडी पुढच्या वर्षी संपतं आणि ३० ऑक्टोबर २०२५ पासून फाइल केलेल्या रिन्युअलला आपोआप मुदतवाढ नाही, म्हणजे कार्ड वेळेत आलं नाही तर नोकरी थांबणार. मग शिक्षणही थांबेल का?

प्रतिसाद १

नाही. एच-४ वर शिकायला ईएडी लागत नाही. उलट नोकरीत गॅप पडलाच तर तोच काळ अभ्यासाला वापरा. रिन्युअल मात्र १८० दिवस आधी, खिडकी उघडली की लगेच टाका.

प्रतिसाद ४

भाषेच्या प्रश्नाकडे कोणी आलंच नाही म्हणून लिहिते. स्पॅनिश शिका, कामापुरतं तरी, कारण ती मागणी खरी आहे. पण मराठीला किंमत नाही हे चूक आहे. मी भाषांतराचं काम करते. यूएससीआयएसला परक्या भाषेतला कुठलाही कागद दिला की संपूर्ण इंग्लिश भाषांतर आणि भाषांतरकाराचं सर्टिफिकेट द्यावं लागतं. आता जुना जन्मदाखला घ्या, त्यात बाळाचं नावच नसतं, फक्त "मुलगी" आणि आई-वडिलांची नावं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. लग्नानंतर काहींचं पहिलं नावसुद्धा बदललेलं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं आलेलं. ऑफिसरला वाटतं या तीन वेगळ्या बायका आहेत. हे कागद बघून फाइल जायच्या आधीच "इथे अ‍ॅफिडेव्हिट लागेल, नाव घालून नवीन दाखला मागवा" हे अ‍ॅटर्नीच्या कानावर घालणारी असिस्टंट म्हणजे एक आरएफई वाचली. तुम्ही हे करतच असणार, फक्त रेझ्युमेत "फ्लुएंट इन मराठी" एवढी एक ओळ टाकून मोकळ्या होत असाल. ते काम लिहा.

धागाकर्ती

खरंय, तेवढीच एक ओळ आहे! आज बदलते.

ठरवलंय ते असं: बोर्डाच्या इव्हॅल्युएशनची तयारी या आठवड्यात सुरू, शनिवारी व्हॉलंटियर म्हणून जाण्यासाठी दोन्ही संस्थांना मेल केला, आणि आमच्या अ‍ॅटर्नींशी बोलले. मला वाटलं नाराज होतील, पण त्या म्हणाल्या फॅमिली केसेसच्या इंटेक मीटिंगना तू पहिल्यापासून बसत जा, ऐक, प्रश्न नंतर मला विचार.

आता शेवटची मदत: एलएलबीची ट्रान्स्क्रिप्ट युनिव्हर्सिटीने सीलबंद करून थेट न्यूयॉर्कला पाठवायची आहे. तिकडे सासरे जाऊन येऊ शकतात, पण अर्ज माझ्या सहीचा लागेल का, की अधिकारपत्र देऊन ते करू शकतात? गेल्या वर्ष-दोन वर्षांत कोणी हे केलं असेल तर कोणत्या खिडकीवर जायचं तेवढं सांगा, म्हणजे त्यांच्या खेपा वाचतील.