टीबी पेशंटच्या घरालाही शिधा द्या

माळरान: टीबी पेशंटच्या खात्यात पोषणासाठी सरकार महिन्याला पैसे टाकतं, 2018 पासून 500 आणि नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये. मला वाटतं, पैशाऐवजी शिधा द्यावा आणि तो घरातल्या प्रत्येकाला द्यावा.
माझ्या दिराला टीबी झाला तेव्हा पहिले पैसे चौथ्या महिन्यात आले. डाळ त्याच्या ताटात जायची, जाऊबाई आणि पोरं वरचं पाणी भातावर घ्यायची. पुढच्या वर्षी थोरल्या पोरीलाच खोकला धरला.
झारखंडमध्ये डॉ. अनुराग व डॉ. माधवी भार्गव यांनी 2019 ते 2022 नेमकं हेच तपासलं. पेशंटना सगळीकडे शिधा दिला. घरच्यांना मात्र एकाच गटात, माणशी महिन्याला 5 किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या. त्या गटातल्या घरच्यांमध्ये टीबी 39 टक्क्यांनी कमी झाला.

आकडेमोड: 39 टक्के ऐकायला मोठे वाटतात. शिधा न मिळालेल्या 4,724 जणांत 122 जणांना टीबी झाला, मिळालेल्या 5,621 जणांत 96 जणांना. म्हणजे 2.6 टक्क्यांचे 1.7 झाले. 2024 मध्ये बऱ्याच ठिकाणी पेशंटला टीबीच्याच गोळ्या मिळत नव्हत्या. आधी त्या अखंड मिळू द्या. धान्य तर रेशनवर मिळतंच.

माळरान: रेशनवर तांदूळ-गहू मिळतो हो, डाळ कुठे मिळते? आणि तुमच्याच आकड्यांवरून साधारण 110 जणांना, म्हणजे तीसेक घरांना शिधा दिला की एक नवा पेशंट टळतो. त्या एकाचा सहा महिन्यांचा कोर्स, बुडालेली मजुरी, त्याच्यापासून पुढे होणारी लागण, हेही हिशेबात धरा की.

पाड्यावरची आशा: अन्न हवं यात वादच नाही, पण मला शिधा नको, पैसेच वाढवून हवेत. माझे पेशंट दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्यांच्या गोळ्या मी कारखान्याजवळच्या केंद्रावर लावून देते, पण पाच माणसांचं धान्य कुठे पाठवू? खात्यातले पैसे निदान त्यांच्यासोबत जातात.

माळरान: ताई, टोळी निघतानाच दोन महिन्यांचा शिधा हातात दिला तर?

पाड्यावरची आशा: तांदूळ नेतील. पण बाई पहाटे चारला फडात जाते, कोपीत डाळ शिजवत कोण बसणार? द्यायचंच असेल तर शेंगदाणे आणि फुटाणे द्या. पोरं येता-जाता खातील.