सुईचा नंबर वाढला की ती बारीक, मग नळीचा नंबर वाढला की ती जाड का?

प्रश्न
वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी मी काल इथल्या, म्हणजे इंदूरच्या, दवा बाजारातून दोन वस्तू आणल्या : २२ नंबरचा सलाइनचा कॅन्युला (शिरेत बसवायची बारीक नळी) आणि १६ नंबरचा फोली कॅथेटर (लघवीसाठी घालायची नळी). पाकिटातून पाहिले, तर २२ नंबरची वस्तू शिवणाच्या सुईएवढी आणि १६ नंबरची नळी पेन्सिलीहून थोडीच बारीक. दुकानदाराने चुकीचे तर दिले नाही ना?

उत्तर १
काळजी करू नये, दोन्ही बरोबर आहेत. मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. सुईचा आणि कॅन्युलाचा नंबर म्हणजे गेज. हे माप मुळात तारेचे आहे. आपल्या सराफ्यातले कारागीर छिद्रांच्या पोलादी पट्टीतून तार ओढत ओढत बारीक करतात, त्यातलाच हा हिशेब समजावा : आकडा वाढतो तशी जाडी घटते. १८ गेजची सुई बाहेरून सुमारे १.२ मिलिमीटर, २३ गेजची ०.६ आणि इन्सुलिनची ३१ गेजची जेमतेम ०.२५. मात्र दोन आकड्यांमधले अंतर सारखे नसते, त्यामुळे तोंडी गणित करू नये, तक्ताच पाहावा.

उत्तर २
कॅथेटरचे माप फ्रेंच. शारिएर या पॅरिसच्या शस्त्रक्रिया-उपकरणकाराने १८४२ मध्ये ते रूढ केले. एक फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर, तेही बाहेरच्या व्यासाचे. सोळाला तीनाने भागा, ५.३ मिलिमीटर येतात. माझ्या मते गेजपेक्षा ही पद्धत कितीतरी सरळ आहे. आणखी एक गंमत म्हणजे भूल देताना श्वासनलिकेत घालायच्या नळीवर साधे मिलिमीटर लिहिलेले असतात, पण ते आतल्या व्यासाचे, कारण तिथे हवा किती जाते हे महत्त्वाचे. नळीतून संथपणे वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणून रक्तस्राव होत असलेल्या रुग्णाला डॉक्टर जाड, आखूड कॅन्युला लावतात.

उत्तर ३
दुकानात नुसत्या रंगावरून मागू नका. हिरवा कॅन्युला १८ गेजचा असतो, पण इंजेक्शनची हिरवी सुई २१ गेजची. आमच्या मावशींनी एकदा नुसते "हिरवी द्या" म्हटले आणि दुसरी फेरी मारावी लागली. चिठ्ठीवर वस्तूचे नाव, आकडा आणि पुढे गेज की फ्रेंच, हे तिन्ही लिहून घ्यावे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आता पाहिले, नळीच्या रुंद टोकावर अगदी बारीक अक्षरांत १६ च्या पुढे फ्रेंचची खूण छापलेली आहे.