जुनी कॅम्पर व्हॅन, उन्हाळा आणि चालत्या गाडीतला गारवा : तुमचे अनुभव लिहा

एसी नसलेली किंवा असून नसल्यासारखी जुनी व्हॅन चालवणाऱ्यांनो, काय करता ते लिहा. सावली बघून गाडी लावा हे सगळ्यांना ठाऊक आहे. चालत्या गाडीचं सांगा.

*

आमचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधे, झाकणाखाली. पाय भाजायचे आणि सगळे उन्हाला शिव्या घालायचे. झाकणाच्या कडेने हात फिरवला तर रबरी पट्टी वाळून तडकलेली, फटीतून इंजिनची झळ थेट पिंडरीवर. पट्टी बदलली, झाकणाला आतून न पेटणारी उष्णतारोधक मॅट लावली. आता निदान चपला काढून बसता येतं. पंखे-बिंखे नंतर, आधी ही फट बघा.

*

हीटरचा कॉकही बघा, म्हणजे हीटरकडे जाणारं गरम पाणी रोखणारी तोटी. नॉब बंदवर असला तरी जुना कॉक पुरता मिटत नाही. गरम कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) आत फिरतं आणि ब्लोअर तापलेली हवा फेकतो. इंजिन तापवून बंद करा. कॉकच्या पुढचा पाईपही चटका देत असेल तर चोर सापडला. मी उन्हाळ्यापुरता हीटरच बायपास केला, म्हणजे कूलंट हीटरला वगळून फिरवलं.

*

बायपास करा, पण चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला की मला तोच हीटर वाचवतो. पूर्ण सोडायचा, ब्लोअर जोरात, काचा खाली. घामाने निथळतो, पण इंजिन उकळत नाही. आणि थांबल्यावर रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, दाबाखालचं कूलंट अंगावर उडतं.

*

आमच्या गाडीत एसी जुन्या आर-१२ गॅसचा होता. नवा आर-१३४ए भरून घेतला, पण जुन्या कंडेन्सरवर (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर) तो तितका गार करत नाही. कंडेन्सरच्या पात्यांतला किडे-धुळीचा थर हलक्या पाण्याने धुतला, तेव्हा कुठे जरा बरं.

*

मी ओला पंचा मानेवर टाकते, समोर १२ व्होल्टचा छोटा पंखा. कोरड्या हवेत झकास. दमट हवेत नुसती चिकचिक, तिथे पहाटे निघणं हाच एसी.

*

वाऱ्यासाठी मागचं दार किंवा काच उघडी ठेवून गाडी हाकू नका. धूर आत ओढला जातो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पुढच्या काचा उघडा.