मदत हवी आहे: रविवारचा विज्ञानवर्ग. प्रयोग करून दाखवायचा की मुलांना करू द्यायचा?

कोथरूडला सोसायटीच्या हॉलमध्ये पाचवी ते सातवीच्या ३० मुलांसाठी दीड तासाचा वर्ग सुरू करतोय. शिकवणारे दोघंच. पहिला विषय लंबक. आपण करून दाखवावं, की दोरा-नट देऊन मुलांनाच शोधू द्यावं? हजेरीची सक्ती नाही, त्यामुळे कंटाळली की गळणार.

प्रतिसाद १
पद्धत विषय बघून ठरवा. मुलांना स्वतः मोजता येतं, चुकलं तरी इजा नाही, लगेच परत करता येतं? मग त्यांच्या हातात द्या. आम्ल किंवा ज्योत असेल तर तुम्हीच करा. लंबक पहिल्या प्रकारातला. पण ‘शोधा काय ते’ म्हणून सोडून दिलंत तर दोघांना ३० मुलं आवरणार नाहीत. प्रश्न एकच द्या: वजन वाढवलं तर झोक्याला वेळ जास्त लागेल की कमी? हात वर करून अंदाज घ्या, फळ्यावर लिहा, सामान त्यानंतरच वाटा (आधी वाटलंत तर कोणी ऐकत नाही).

तिघांचा गट: एक सोडणार, एक मोजणार, एक घड्याळ बघणार. प्रत्येक गटाला सव्वा मीटर दोरा आणि तीन सारखे नट. टांगणीपासून नटाच्या मध्यापर्यंत २५ सेंमी असेल तर दहा झोक्यांना (जाऊन परत येणं म्हणजे एक झोका) साधारण १० सेकंद लागतात.

धागाकर्ता
आभार. हमखास कुठे फसतं?

प्रतिसाद २
मोजणीत. सोडतानाच ‘एक’ म्हटलं की ‘दहा’ला नऊच झोके होतात आणि ९ सेकंद येतात. ‘शून्य’पासून मोजायला लावा. दुसरं, नट एकाखाली एक बांधतात. त्याने लंबकाची लांबी वाढते, वेळ वाढतो आणि ‘जड लंबक हळू’ असा चुकीचाच निष्कर्ष निघतो (खरं तर वजनाने वेळ बदलत नाही). सगळे एकाच गाठीत ओवा. दोरा पेन्सिलीला टांगला तर घसरतो, चिकटपट्टी लावा. झोका लहानच ठेवा.

उत्तर मात्र सांगू नका. गटांचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी मांडा; वेगळा आलेला गट आपणहून परत मोजतो. मग लांबी ५० करायला सांगा. सगळे २० सेकंद म्हणतात, येतात १४. वीससाठी १०० सेंमी लागतात.

प्रतिसाद १
सहमत. फक्त ५० सेंमीसाठी अर्धा तास राखा, वजनावर तो घालवू नका. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान-खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावरची खेळणी पुढच्या रविवारी घ्या. तिथे मोकळं सोडलं तरी चालतं, कारण खेळणं चाललं की नाही ते मुलाला स्वतःलाच दिसतं.