दार-एस-सलाम म्हणजे ‘झोपाळू खेडं’? मग नैरोबी काय आहे?

समुद्रकाठची
परवा एका महाशयांनी लिहिलं: “नोकरी नैरोबीत मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. दार म्हणजे मोठं झोपाळू खेडं, टांझानिया वीस वर्षं मागे.” खाली सगळ्यांच्या माना डोलल्या. टांझानियातलं दार आणि केनियातलं नैरोबी, दोन्हीकडे राहिलेली आहे, म्हणून गप्प बसवेना.

केनियाचं दरडोई उत्पन्न जास्त, मानवी विकास निर्देशांकातही तो वर. मान्य. पण त्याच तक्त्यात शेजारचा रकाना बघायला काय झालं? सरासरी आयुर्मान टांझानियात ६७च्या आसपास, केनियात ६४सुद्धा नाही. लोक जास्त जगतात तो देश मागे कसा? २००७च्या निवडणुकीनंतर केनियात जमातीवरून हजारावर माणसं मारली गेली, ते कुठल्या निर्देशांकात बसवणार? आणि अंधार पडल्यावर नैरोबीत तुमच्यापैकी कोण पायी हिंडतं, हात वर करा. मी दारच्या कोको बीचवर मिश्काकी (सळईवर भाजलेलं मांस) खाऊन रात्री बजाजीने, म्हणजे रिक्षाने, घरी येते.

मताटूचा प्रवासी
ताई, कोको बीच म्हणजे टांझानिया नाही. केनियात साधारण चारातल्या तीन घरांत वीज आहे, तुमच्याकडे निम्म्यांतही नाही. मोबाइलवरून पैसे देण्याचं एम-पेसा २००७ मध्ये आमच्याकडे सुरू झालं, टपरीवरचा चहासुद्धा त्यावर मिळतो. जून २०२४ मध्ये करवाढीविरुद्ध पोरं थेट संसदेत घुसली आणि राष्ट्राध्यक्ष रुटोंना विधेयक गुंडाळावं लागलं. हे दारमध्ये करून दाखवा! २९ ऑक्टोबर २०२५ला मतदानाच्या दिवशीच इंटरनेट बंद, रस्त्यावर गोळ्या, विरोधी नेता राजद्रोहाच्या खटल्यात आत, आणि राष्ट्राध्यक्ष सामिया बाईंना जवळपास ९८ टक्के मतं. ‘झोपाळू’ हा शब्द मागे घेतो. तोंड दाबलेलं खेडं म्हणा.

शंकासुर
गोळ्या नैरोबीतही झाडल्याच की. विधेयक मागे घेतलं म्हणून मेलेली पोरं घरी आली का?

निवृत्त हेडमास्तर
मूळ मुद्दा कुणाला दिसतच नाही. शाळा! टांझानियात १२०च्या वर जमाती, पण सगळे एकमेकांशी स्वाहिलीत बोलतात, कारण पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरेंनी प्राथमिक शिक्षण स्वाहिलीत आणलं. लग्न ठरवताना जमात कोणती हे तिथे आपल्याइतकं तर नक्कीच कुणी विचारत नाही. आणि आपल्याकडे? मराठी शाळांना टाळी लागतायत आणि पालक पेढे वाटतायत.

कोथरूडचा बाप
आलं! केनियावरून सुरू करा नाहीतर कांद्यावरून, गाडी मराठी माध्यमावरच येणार. सर, त्याच न्येरेरेंनी १९७१ मध्ये आशियाई लोकांच्या इमारती सरकारजमा केल्या, खेडुतांना उचलून ‘उजामा’च्या सामूहिक वस्त्यांत नेऊन टाकलं. तेही सांगा. माझ्या दारच्या ऑफिसातला हिशेबनीस आकड्यांत वाघ आहे, पण इंग्रजी पत्र लिहायचं म्हटलं की घाम फुटतो. तेच काम नैरोबीचा पोरगा दुप्पट पगारात करतो.

निवृत्त हेडमास्तर
यात दोष स्वाहिलीचा? सात वर्षं एका भाषेत शिकवायचं आणि माध्यमिकला एकदम सगळं इंग्रजीत! पोर गणितात नापास होतं ते गणित येत नाही म्हणून नव्हे, प्रश्न कळत नाही म्हणून. माध्यमिकही स्वाहिलीत आणण्याचं धोरण २०१५ मध्ये जाहीर झालं, पुढे कागदावरच राहिलं. अर्धवट केलं म्हणून फसलं. तुमची मुलं कुठल्या माध्यमात?

कोथरूडचा बाप
इंटरनॅशनल शाळेत. वैयक्तिक जाऊ नका.

निवृत्त हेडमास्तर
झालं माझं काम.

कोथरूडचा बाप
काय झालं? तुमचे नातू अमेरिकेत कुठल्या माध्यमात शिकतात, तेही कळू द्या. उगाच उपदेश!

तांबडा रस्सा
भांडा हो, पण एक सांगा. इथे लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या फाटकावर अस्कारी (पहारेकरी) आहे, घरात स्वयंपाकाला बाई, दारात ड्रायव्हर. हे जीवनमान आपल्या कंपनीचं, देशाचं नाही. आमच्या नैरोबीच्या सोसायटीत बोअरचं पाणी. आमच्याकडची बाई कावांगवारेच्या झोपडपट्टीत राहते, वीस लिटरच्या पिवळ्या डब्याने पाणी विकत घेते आणि लिटरमागे आमच्यापेक्षा जास्त मोजते. तिला विचारा केनिया किती पुढे आहे.

मताटूचा प्रवासी
बरं बाबा, पाण्यात हरलो. रात्री पायी फिरण्यातही हरलो. पण दारमध्ये २०२३च्या शेवटी रोज वीज जायची, ते ताई सोयीस्कर विसरल्या.

समुद्रकाठची
विसरले नाही, घामाने निथळत होते. २०२४ मध्ये रुफिजीवरचं २,११५ मेगावॉटचं धरण सुरू झालं, त्यानंतर बराच फरक आहे. आणि हो, ऑक्टोबरच्या त्या दिवसांत आईला फोन लागत नव्हता. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, तेवढं तुमचं.

नवी पाहुणी
मला मोम्बासाची ऑफर आहे. शाळेच्या फीचं कुणी सांगेल का?

शंकासुर
कोथरूडच्या बापाला विचारा. हेडमास्तरांना चुकूनही विचारू नका.